खिशातला फ्यूज

माझ्या लेकीच्या, शिलाच्या, थोरल्या पोराचं जावळ काढलं ते साल. सन दोन हजार तेवीस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या दारात बकरं शिजलं. त्याच जेवणात हिरासिंग मुकादमाने माझ्या मुलाकडून, रणजीतकडून, येत्या हंगामाचा शब्द घेतला. आणि त्याच जेवणाची भांडी घासताना माझी सून शिवकन्या मला म्हणाली, "याडी, मी औंदा कारखान्याला येणार न्हाई."

आमच्यात आईला याडी म्हणतात. सासूलाही ती तेच म्हणायची.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा साखरा गावाच्या पलीकडे माळावर आहे. दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊस तोडायला कारखान्याला जातो आणि होळीला परत येतो. ऊसतोडीत माणूस एकटा धरत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. त्यामुळे रणजीतने शब्द दिला म्हणजे शिवकन्येनेही दिला, तिला कोणी विचारलं नसलं तरी.

मागच्या हंगामात तिचं पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. सकाळी मोळी डोक्यावर घेतली आणि दुपारी कोपीत, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, सगळं संपलं. बाहेर ट्रॅक्टर उभा होता, तो भरायची घाई होती. मी तिच्याजवळ होते, म्हणून मला माहीत. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

"मंग काय करशील?" मी विचारलं.

"पुण्याची एक कंपनी हाय. लोकांचं बोलणं कानाला लावून ऐकायचं आन् मराठीत टाइप करायचं. घरी बसून. आधी परीक्षा घेत्यात."

रणजीत वाईट नाही. त्याला एक बाजू घेता येत नाही, एवढंच. त्याने बायकोला सांगितलं, "तुझं काम लागलं तर मी हिरासिंग काकाला न्हाई म्हणतो, हिंगोलीत काम बघतो. न्हाई लागलं तर शब्द दिलाय." म्हणजे सगळं त्या परीक्षेवर येऊन थांबलं. पोटातलं लेकरूसुद्धा.

कॉम्प्युटर आमच्याकडे आदल्या सालीच आला होता. हिंगोलीत एका ऑफिसाने जुने काढले, त्यातला एक रणजीतने आणला. बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली बायको आहे, असं तो तेव्हा अभिमानाने सांगत हिंडायचा. मीही त्याच कॉम्प्युटरवर अक्षरं शिकले. पाटीवरचं मला दिसत नव्हतं. तिथे शिवकन्या एकेक अक्षर भाकरीएवढं करून दाखवायची. मी वाचायला लागले तर तांड्यातल्या बायका म्हणायच्या, भिकाबाई आता कलेक्टर होती.

आणल्यावर महिनाभर तो नीट चालला. मग आम्ही घर बंद करून कारखान्याला गेलो. होळीला परत आलो, तेव्हा तो सुरू व्हायचा, लिहिता यायचं, पण इंटरनेटचं पान उघडत नव्हतं. उन्हाळ्यात कोणाला त्याची गरज पडली नाही. गरज पडली ती आता.

शिवकन्या मोबाइलचं नेट चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला द्यायची. कंपनीचा पत्ता टाकला की पांढरं पान यायचं आणि त्यावर लाल तिकोन. मला वाचता यावं म्हणून तिने त्यातली भाषा मराठी करून ठेवली होती. मी चष्मा लावून वाचलं, "तुमचे कनेक्शन खाजगी नाही."

ते खरंच होतं. आमच्या ओट्यावर निम्मा तांडा उभा होता.

"नेट संपलं असंल," एक म्हणाला.

"मोबाइलवर तर चालून राहिलंय."

"मंग मोबाइलवरच दे की परीक्षा."

"टायपिंगची हाय. मोबाइलवर घेत न्हाईत," शिवकन्या म्हणाली. ती एकेक गोष्ट करून बघत होती. वायर बदलली. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. त्यातलं जुनं साठलेलं सगळं पुसलं. ब्राउझरच काढून टाकला आणि मोबाइलवरून घेऊन नवा घातला. नवीन ब्राउझरनेही तोच लाल तिकोन दाखवला.

हिरासिंग आला तसा तिने पदर पुढे ओढला आणि आवाज बंद केला. तो आमच्या मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चुलतभाऊ, तिचा चुलत सासरा लागतो. चारचौघांत सासऱ्यासमोर सून मोठ्याने बोलत नाही. हिरासिंग मला, त्याच्या भावजयीला, म्हणाला, "भोजाई, लक्ष्मीच्या हातात कोयता शोभतो. ह्या डब्यात काय ठिवलंय?"

"त्या डब्यात असं काम ठिवलंय, ज्यात तुमचा ट्रॅक्टर भरावा लागत न्हाई," मी म्हणाले.

लोक हसले. हिरासिंगही हसला. त्याला हसायला काय जात होतं? शब्द त्याच्या खिशात होता.

आता आमच्या मालकांविषयी सांगते.

खूप वर्षांपूर्वी आम्ही सगळे फडात असताना तांड्यातलं एक बंद घर जळालं. वायर पेटली. घरात कोणी नव्हतं, शेजारच्या घरांनाही कुलूप. धान्य गेलं, लेकीच्या लग्नाला जमवलेली लुगडी गेली. परत आलो तेव्हा काळ्या भिंती उभ्या होत्या. तेव्हापासून मालकांनी एक नेम धरला. घरातून शेवटचं माणूस बाहेर पडलं की मीटरखालचा फ्यूज काढायचा. चिनीमातीचा पांढरा, मुठीत मावेल एवढा. तो कुडत्याच्या खिशात घालायचा आणि मग कुलूप लावायचं. शेतात जायचं असो की सेनगावच्या बाजाराला, फ्यूज त्यांच्याबरोबर यायचा. घरात माणूस आलं की पुन्हा बसवायचा. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ते दिसतच नव्हतं. पावसात छत्री घ्यावी तसं.

मी कधी बोलले तर म्हणायचे, "घरात माणूस न्हाई तर वीज कुणासाठी जागी ठिवायची? एकटी वीज काय करंल सांगता येत न्हाई."

त्यांची छाती कमजोर होती. माळाचा चढ चढले की बसायचे. मागच्या हंगामानंतर त्यांनी कोयता ठेवून दिला होता, तो आढ्याला खोचलेला होता. शेळ्या बघायचे, सोयाबीन राखायचे आणि फ्यूज काढायचे.

रणजीतने कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर सेनगावला नेला. शिवकन्या मागे तो धरून बसली. तिथे सुदामचं दुकान होतं. मोबाइल, कॉम्प्युटर, मिक्सर, काहीही दुरुस्त करून मिळेल असं बाहेर लिहिलेलं. सुदामने तो टेबलावर जोडला, दहा ठिकाणी बोटं फिरवली आणि पान उघडलं. शिवकन्येच्या डोळ्यांसमोर उघडलं.

"काय झालं व्हतं?" तिने विचारलं.

"व्हायरस. काढला."

घरी आणून जोडला. लाल तिकोन.

रणजीतने फोन केला, तर सुदाम म्हणाला, "माझ्या इथं चाललं का न्हाई? तुमी डोळ्यानं बघितलं ना? मंग तुमच्या घरच्या लाइनीत फॉल्ट हाय."

वायरमनने लाइन बघितली. लाइन चांगली होती. मग तांड्यात बोलायला लागले की जागेतच काही आहे. एका म्हातारीने मला लिंबू ठेवायला सांगितलं. मी ठेवलं नाही, पण हेही सांगते की मनात आलं होतं.

परीक्षेचा दिवस ठरून आला. दिवाळीच्या आधीचा, सकाळी अकराची वेळ. कंपनीचा नियम असा की जिथे बसून काम करणार तिथेच परीक्षा द्यायची, त्याच कॉम्प्युटरवर. समोरच्या कॅमेऱ्यातून त्यांना खोली दिसली पाहिजे आणि खोलीत दुसरं कोणी नको. त्यामुळे सुदामच्या दुकानात बसून द्यायची वाट बंद होती. रणजीत आदल्या दिवशी दुपारी सुदामलाच मोटारसायकलवर बसवून घरी घेऊन आला.

सुदामने चहा घेतला, पान खाल्लं, कॉम्प्युटर लावला. इथे टिचक, तिथे टिचक. पान उघडलं. कंपनीचं नाव, तिचा फोटो, उद्याची वेळ, सगळं दिसलं. मीही वाचलं. "शिवकन्या रणजीत आडे" असं लिहिलेलं होतं. माझ्या घरातल्या बाईचं नाव पुण्याच्या पानावर मी स्वतः वाचलं.

"आता चाललं ना?" सुदाम म्हणाला. "म्हंजी मशीन बराबर हाय. चालवनाराचा हात बराबर पायजे."

शिवकन्येने ते कानाआड केलं. तिला फक्त ते पान उघडं हवं होतं. तिने रात्री कॉम्प्युटर बंद केला, पहाटे उठून पुन्हा लावून बघितला, पान उघडत होतं. तिने मला खूण केली आणि हसली. त्या सालात ती तशी हसलेली मला तेवढीच आठवते.

सोयाबीनची काढणी राहिली होती. मी आणि रणजीत पहाटेच शेतात गेलो. तिने कॉम्प्युटर बंद केला, आंघोळ केली आणि पाण्याला हापशावर गेली. परीक्षेला अजून बराच वेळ होता. मालक घरी होते. शेळ्या सोडायच्या होत्या. घरात कोणी नाही, आणि आज तर परीक्षा, आज काही जळायला नको. त्यांनी फ्यूज काढला आणि खिशात घातला. शेळ्या ओढ्याला नेल्या, तांड्यातल्या एका गुराख्याच्या हवाली केल्या, आणि वेळ होईल म्हणून घाईघाईने परत आले. धापा टाकत आले. शिवकन्या घागर घेऊन दारात पोचायच्या आत त्यांनी फ्यूज परत बसवला होता.

"बाई, लाइट हाय. तू बस," ते तिला म्हणाले, आणि खोलीचं दार ओढून स्वतः दारात बसले. कोणाला आत जाऊ द्यायचं नाही म्हणून.

मी आले तेव्हा ते तसेच बसले होते. ओठांवर बोट ठेवून मला म्हणाले, "चालू हाय."

चालू काही नव्हतं. आत ती लाल तिकोनासमोर बसली होती. ब्राउझर बंद कर, उघड. कॉम्प्युटर बंद कर, लाव. वायर काढ, घाल. सुदामला फोन लावला, तो उचलत नव्हता. पुन्हा सगळं पुसलं. कंपनीला मोबाइलवरून निरोप लिहिला, त्याला मशीनचं उत्तर आलं की आपली अडचण नोंदवली आहे. तिने दार उघडलं तेव्हा परीक्षेची वेळ संपली होती.

मालक उठून उभे राहिले. "झाली का गं?"

ती त्यांच्या अंगावरून पुढे गेली आणि चुलीजवळ बसली. रडली नाही. तिने मोठ्या परातीत पीठ घेतलं आणि भाकरी करायला लागली. त्या दिवशी आम्हाला लागणाऱ्या भाकरींपेक्षा कितीतरी जास्त केल्या.

संध्याकाळी सुदामचा फोन लागला. रणजीत ओरडला. सुदाम शांतपणे म्हणाला, "माझ्या हाताखाली चालतं, तिच्या हाताखाली चालत न्हाई. आता मी काय करू, सांगा?"

रणजीतने फोन ठेवला आणि बायकोकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही. मी त्याची आई आहे आणि मला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिरासिंग आला. ओट्यावर बसला. "मंग रणजीत? गाडी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघंल. जोडी पक्की?"

रणजीत खाली बघत होता. शिवकन्या आत दाराआड उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत नव्हता, म्हणजे ती ऐकत होती.

"पक्की हाय," मालक म्हणाले.

मी वळून बघितलं. ते आढ्याकडे हात वर करत होते. खोचलेला कोयता त्यांनी काढला, धारेवरून अंगठा फिरवला. गंजला होता.

"पोरगी न्हाई येणार. मी येतो," ते म्हणाले. "बाप-लेकाची जोडी."

"हरिचंद, तू?" हिरासिंग हसला. "तू मोळी उचलशील का मोळी तुला?"

"दोघं एकमेकाला उचलू."

"अर्धा कोयता व्हईल."

"हिरासिंग, तुला बाईमानूस दोन जिवाचं चालतं आन् म्हातारा चालत न्हाई व्हय?"

हिरासिंगने पान थुंकलं. लोक होते म्हणून त्याला मान हलवावी लागली. त्या रात्री मी त्यांना म्हणाले, छाती कशी आहे ते माहीत आहे ना? ते म्हणाले, "रणजीतची याडी, मागल्या साली तू कोपीत तिच्याजवळ व्हतीस. मी भाईर व्हतो. भाईर उभं ऱ्हाणं तुला ठाव न्हाई."

मी कोयता घेतला आणि त्याचा गंज घासायला बसले.

भाऊबीज झाली. गाडी आली. भांडी, पांघरुणं, कोयते, सगळं चढलं. मालक चढायच्या आधी घरात एक चक्कर मारून आले. त्यांची रीतच तशी होती. गाडी माळावरून खाली उतरली आणि धूळ बसली. मी आत येऊन बटण दाबलं. लाइट लागला नाही.

मीटरखालची जागा रिकामी होती. इतक्या वर्षांच्या सवयीने, आम्ही दोघी घरात असताना, त्यांनी फ्यूज काढून खिशात घातला होता.

शिवकन्येने फोन लावला. ते गाडीत, आवाज वाऱ्यात उडत होता. "व्हय गं, खिशातच हाय!" आणि हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. "आता काय, परत येऊ का?"

"राहू द्या बापू. दुसरा आणते."

"सांभाळून ठिवतो. होळीला आनतो."

तिने सेनगावहून नवा आणला. वायरमनने बसवला. तो काढणारं आता घरात कोणी नव्हतं. माझा हात तिथे पोचत नाही आणि एकीने तरी घरात असावं म्हणून आम्ही दोघी एकदम बाहेर जात नव्हतो.

कंपनीचं उत्तर तेव्हा आलं. गाडी गेल्यावर. तांत्रिक अडचणीमुळे आपल्याला आणखी एक संधी देत आहोत, असं. आणि एक फोन आला. पुण्याहून कोणी पोरगी बोलत होती, आवाज कोवळा, आमच्या शिलाच्या लग्नाआधी होता तसा. शिवकन्येने फोन मोठ्या आवाजात ठेवला होता.

"ताई, स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात तारीख कोणती दिसते?"

शिवकन्या वाकली. "एक जानेवारी दोन हजार दहा."

दोन हजार दहा म्हणजे शिला शाळेत होती. रणजीतला मिसरूड नव्हतं.

"तेच आहे ताई. प्रत्येक साइट आपलं ओळखपत्र दाखवते, त्यावर तारीख असते. तुमचा कॉम्प्युटर दोन हजार दहामध्ये बसलाय. त्याला वाटतं हे ओळखपत्र अजून जन्मलंच नाही, खोटं आहे. म्हणून तो पान उघडत नाही. तारीख दुरुस्त करा."

शिवकन्येने तारीख दुरुस्त केली. पान उघडलं. एवढंच होतं ते. ना व्हायरस, ना लाइन, ना जागा, ना तिचा हात. सुदाम येऊन तेवढंच करत होता. तारीख नीट करायची, चहा प्यायचा, व्हायरस म्हणायचं. ती मागे का जाते हे त्याने कधी बघितलं नाही, आणि बघितलं असलं तरी आम्हाला सांगितलं नाही.

"त्यात एक सेल असतो, बटणाएवढा," ती पोरगी सांगत होती. "तो संपला की नुसतं बंद केल्याने काही होत नाही, पण मागची वीज तुटली की घड्याळ मागे जातं. तुमच्याकडे वीज फार जाते का?"

"जाती कधी कधी," शिवकन्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पान उघडलं. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर एकदाही वीज गेली नाही, तेव्हा रोज उघडत राहिलं. शिवकन्या एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन कॉम्प्युटरसमोर उभी होती. ती वळली आणि मीटरकडे बघायला लागली.  मग तिने स्टूल ओढलं, चढली, मी नको नको म्हणेपर्यंत फ्यूज काढला आणि लगेच परत बसवला. खाली उतरून कॉम्प्युटर लावला.

एक जानेवारी दोन हजार दहा.

"याडी," ती म्हणाली, "त्या दिवशी मी हापशावर गेले व्हते."

मी पलंगावर बसले. मला काही सांगावं लागलं नाही आणि तिलाही नाही. मला ते दारात बसलेले दिसले, ओठांवर बोट ठेवून. चालू हाय.

"हे बापूला कळायला नको," मी म्हणाले.

"मी कशाला सांगू?"

परीक्षा झाली. तिचं काम लागलं. कानाला यंत्र लावून ती दिवसभर टाइप करायची, पोट टेबलाला लागायला लागलं होतं म्हणून खुर्ची मागे घेऊन बसायची. तिने मालकांना फोन केला. "बापू, काम लागलं. तुमी या घरी."

"लागलं?" त्यांनी ते आजूबाजूच्या कोप्यांना ओरडून सांगितलेलं आम्हाला ऐकू आलं. "बिघडलं काय व्हतं गं त्याचं?"

"सेल गेला व्हता, बापू. बटणाएवढा."

"बघ! आन् त्यो सुदाम्या तुझ्या हाताला बोलत व्हता."

"तुमी या ना."

"रणजीत एकटा कसा ऱ्हाईल? जोडी मोडून येता येत न्हाई बाई. होळीला येतो. पोरगं झालं तर धुंड करायला येतो, पोरगी झाली तर उगंच येतो."

आमच्यात होळीला नव्या पोराचा धुंड करतात, गाणी म्हणून त्याला आशीर्वाद देतात. त्यांना गाणी पाठ होती.

शिवकन्येने सासऱ्याला सांगितलं नाही. पण नवऱ्याला सांगितलं. बायको नवऱ्याला सांगणारच, त्यात तिचं काय चुकलं? आणि नवऱ्याने एका संध्याकाळी कोपीसमोर भाकरी खाताना बापाला सांगितलं. हसत. बाकीचे लोक होते, थट्टा चालली होती, म्हाताऱ्याने कारखान्याला येताना घरचा फ्यूज आणला याची. त्या थट्टेत रणजीत म्हणाला, "बापू, फ्यूज तुमी काढत व्हते म्हनून तर ते चालत नव्हतं."

हे मला रणजीतने नंतर सांगितलं. मालकांनी खिशातून फ्यूज काढला आणि हातात धरला. विचारलं, "परीक्षेच्या दिशी बी?"

"व्हय."

"पन मी परत बसिवला व्हता. ती यायच्या आत बसिवला व्हता."

"त्यानं काय व्हत न्हाई बापू. एकदा निघाला की गेलं."

त्यांनी फ्यूज पुन्हा खिशात घातला. पुढची भाकरी घेतली नाही. थट्टा पुढे दुसऱ्याची सुरू झाली.

मी रणजीतला विचारलं, काहून सांगितलंस? तो म्हणाला, "हसण्यावारी सांगितलं, याडी." त्याच्यावर ओरडायचं बळ माझ्यात राहिलं नव्हतं. पण ऐकून घेतलेलं मी विसरलेली नाही. हसण्यावारी हिरासिंगने शब्द घेतला, हसण्यावारी सुदामने पोरीच्या हाताला दोष दिला, हसण्यावारी हेही झालं. हसणारी माणसं सगळी जिवंत आहेत.

त्यानंतर ते फोनवर कमी बोलायचे. शिवकन्येशी तर नाहीच. फोन तिच्याकडे दिला की म्हणायचे, गाडी आली, ठिवतो. ती गाडी मला कधी ऐकू आली नाही.

त्या कळण्याने ते गेले असं मी म्हणत नाही. डॉक्टरने छाती सांगितली आणि छाती होतीच. सकाळी ट्रॅक्टर भरताना डोक्यावर मोळी घेऊन ते फळीवर चढत होते. मध्येच थांबले. मागच्या माणसाला वाटलं दम घेतात. मग मोळीसकट खाली बसले. रणजीत ट्रॉलीत वर होता, त्याने मोळी घ्यायला हात खाली केलेले होते.

हिरासिंगने गाडी करून त्यांना तांड्यावर आणलं, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. तिसऱ्या दिवशी तो रणजीतला बाजूला घेऊन म्हणाला की कोयता अर्धा पडलाय, पुरा कर. रणजीत गेला. दुसऱ्या तांड्यातला एक माणूस जोडीला घेऊन त्याने हंगाम पुरा केला. होळीच्या आधी शिवकन्येला मुलगी झाली, घरात, वेळेवर, चांगल्या वजनाची.

कपड्यांच्या गाठोड्यात त्यांचं कुडतं होतं. खिशात फ्यूज होता, घामाने पिवळा पडलेला. शिवकन्येने तो धुतला, पुसला आणि मीटरखाली त्याच्या जुन्या जागी बसवला. नवा काढून ठेवला. कॉम्प्युटरला तिने हिंगोलीहून सेल आणून घातला. आता वीज गेली तरी तारीख मागे जात नाही. आम्ही दोघी बाहेर निघालो की ती स्टुलावर चढते, फ्यूज काढते आणि माझ्या हातात देते. मी तो पदराला बांधते. काढायची गरज आहे का, असं आम्ही एकमेकींना विचारत नाही.

नवऱ्याचं नाव आमच्यात बाई घेत नाही. पण लिहायला मी शिकले आहे, तर लिहिते. माझे मालक हरिचंद बाबूसिंग आडे हे दिनांक नऊ फेब्रुवारी दोन हजार चोवीस, शुक्रवारी सकाळी, उसाच्या फडात वारले.